हंडा उचलला म्हणून?

पोट पडलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘काय उचललं होतंस?’ शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यातली, आणि एप्रिल-मेमध्ये हंडा-कळशी घेऊन टँकरमागे धावणाऱ्या बायकाही याच तालुक्यातल्या. तेव्हा बाईने काही ना काही उचललेलं असतंच.

खर्डी आणि कसारा यांच्या मधलं उंबरमाळी हे मध्य रेल्वेचं लहानसं स्टेशन. २०२१च्या जुलैत पावसाचं पाणी रुळांवर चढून फलाटाला लागलं तेव्हा ते बातम्यांत आलं. एरवी कसारा लोकलमधल्या प्रवाशांची डुलकी मोडण्याआधीच निघून जातं. या भागातल्या दोघींचा वाद इथे मांडतो आहे. एक पन्नाशीची आशा कार्यकर्ती, दुसरी सरकारी रुग्णालयातली तिशीची स्त्रीरोगतज्ज्ञ. दोघी मी रचलेल्या आहेत, वाद मात्र जुना आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर तासभर बसलं, तर त्यातलं अर्धंअधिक कानावर पडेल.

विषय एका बाईचा. वय चोवीस, दोनदा पोट पडलेलं, आता पुन्हा दिवस गेलेत, सातवा आठवडा.

आशाताई : मॅडम, सासूसमोर तुम्ही बोलून बसलात, ओझ्याने पोट पडत नाही म्हणून. माझी दोन वर्षांची मेहनत गेली.

डॉक्टर : ताई, खोटं सांगू का? तिची पहिली खेप दुसऱ्या महिन्यात गेली. इतक्या लवकर जातात त्यांतले निम्म्याहून जास्त गर्भ मुळात नीट जुळलेलेच नसतात. बीजं एकत्र येताना गुणसूत्रं कमी-जास्त होतात आणि असा गर्भ वाढत नाही. तिने हंडा उचलला काय, पपई खाल्ली काय, मोटारसायकलवर बसली काय, तो जाणारच होता. दिवस गेल्याचं कळलेल्या शंभर बायकांत साधारण पंधराजणींचं असं होतं. मुंबईतल्या एसीत बसणाऱ्या बाईचंही होतं.

आशाताई : मला पटलं. पण सासूला काय ऐकू आलं? ‘ओझ्याने काही होत नाही.’ उद्या उजाडलं की सून विहिरीवर.

डॉक्टर : आणि आजवर काय चाललंय? ‘हिने ऐकलं नाही, हंडा उचलला, नातू घालवला.’ ते तुम्हाला चालतं? तपासताना ती मला काय म्हणाली सांगू? ‘मॅडम, माझंच चुकलं.’ दोन वर्षांपूर्वीचा एक हंडा तिच्या डोक्यावरून अजून उतरलेला नाही.

आशाताई : चालत नाही हो. पण त्या हंड्याच्या नावावर मी तिला दोन महिने घरी बसवलं होतं. मला दुसरं हत्यार नाही. ‘गुणसूत्र’ म्हणून सांगितलं तर तिला दोन दिवसही कोण बसू देणार नाही.

इथे मला आशाताईंची बाजू घ्यावीशी वाटते. बाळंतिणीला आपल्याकडे सव्वा महिना आहे. शेक, डिंकाचे लाडू, डोक्याला बांधलेला रुमाल, न्हाणीघरापर्यंतही कुणाचा तरी हात. पोट पडलेल्या बाईला यातलं काहीच नाही. रक्त थांबलं की ती चुलीपाशी. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा दिली, म्हणजे नकळत आपला सव्वा महिनाच दिला. पण ती रजा हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. भातकापणी आटोपली की भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी जोडप्याचा हिशेब विटांच्या हजारीवर चालतो, तिथे रजा मागणार कुणाकडे? अशा घरात विश्रांतीला कारण लागतं, आणि ते डोळ्यांना दिसणारं लागतं. हंडा दिसतो. तीच अडचण आहे, कारण दिसणाऱ्या कारणाबरोबर दिसणारा आरोपीही सापडतो.

डॉक्टर : बरं, तुम्हाला कारणच हवं असेल तर एक पक्कं कारण देते. ती मिश्री लावते. तंबाखूच ती, जाळलेली. मुंबईतल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात दिसलंय की मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची मुलं वजनाने कमी भरतात, अपुऱ्या दिवसांची होतात, मेलेली जन्मायचं प्रमाणही जास्त. त्याबद्दल तुम्ही सासूला कधी बोललात?

आशाताई : (जरा थांबून) सासूही लावते. अर्धा पाडा लावतो. पोट साफ होत नाही, मळमळतं, तेव्हा गरोदर बाई उलट जास्त लावते.

डॉक्टर : म्हणजे हंड्याचं कारण चालतं, कारण ते सुनेकडे जातं. मिश्रीचं चालत नाही, कारण ते सासूच्या डबीपर्यंत जातं.

आशाताई : तुम्हाला काय जातं बोलायला. मला त्याच दारात रोज जायचंय.

पहिल्या खेपेचं इतकंच. त्यातून पुढच्या खेपेसाठी शिकण्यासारखं फार नसतं. एकदा पोट पडल्यावर पुढचं मूल सुखरूप होण्याची शक्यता भरपूर असते, आणि दोन खेपा गेलेल्या तरुण बाईलाही चारात तीन वेळा पुढे मूल होतं. डॉक्टरबाई हा आकडा सगळ्यांना सांगतात. आशाताईंना तो फारसा आवडत नाही. ‘चारातली चौथी कोण, ते सांगा,’ असं त्या म्हणतात.

दुसऱ्या खेपेची गोष्ट निराळी.

डॉक्टर : कार्डावर नुसतं ‘गर्भपात : २’ लिहिलंय. दोन्ही एका रकान्यात. दुसऱ्या वेळी किती दिवस झाले होते?

आशाताई : पाचवा सरत आला होता. पोट दिसायला लागलं होतं, बाळ हलतं म्हणायची.

डॉक्टर : कळा आल्या? आधी रक्त गेलं? ताप होता? नीट आठवून सांगा.

आशाताई : आठवायचं काय, मीच होते. ताप नव्हता. आधल्या दिवशी खाली जड वाटतंय म्हणाली, ओटीपोट ओढल्यासारखं. पांढरं पाणी जास्त जातंय म्हणाली. मी म्हटलं, सकाळी जाऊ. पहाटे उठली, लघवीला बसली आणि पाणी फुटलं. कळा म्हणाल तर चार-दोन. तिला स्वतःलाच कळलं नाही काय होतंय ते. गाडी यायच्या आत सगळं झालं. जीव होता मॅडम, थोडा वेळ.

डॉक्टर : हे कुठे लिहिलंय?

आशाताई : कुणी विचारलंच नाही.

त्या खऱ्या डॉक्टर असत्या तर इथे खुर्ची पुढे ओढली असती, असं वाचकाला वाटेल. रचलेल्या डॉक्टरही ओढतात, कारण या चार वाक्यांत निदानाचा धागा आहे. दुसऱ्या महिन्यात गेलेला गर्भ आणि पाचव्या महिन्यात, फारशा कळांशिवाय, एकाएकी निसटलेलं जिवंत बाळ या दोन घटनांत नाव सोडलं तर काही सारखं नाही. दुसरीत गर्भ चांगला असतो, पण गर्भपिशवीचं तोंड वजन पेलत नाही, वेळेआधी उघडतं. वारंवार पोट पडण्याच्या बाबतीत ज्या मोजक्या गोष्टींवर हाताने करता येण्यासारखा इलाज आहे, त्यांतली ही एक. आणि तो इलाज आपल्याकडचा आहे. १८९९ साली गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये गर्भपिशवीच्या तोंडाला घालायच्या टाक्याची पद्धत प्रसिद्ध केली. मांडीतल्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी काढून ते तोंड बांधून घेत. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्ड यांनी त्याची सोपी रीत काढली. जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत ‘शिरोडकर टाका’ आजही त्याच नावाने आहे. मुंबईहून निघालेला तो टाका लंडन-न्यूयॉर्कला पोचला, उंबरमाळीला पोचायला मात्र त्याला कार्डावरचा एक रकाना आडवा येतो.

आशाताई : मग घाला की टाका. आत्ताच घाला.

डॉक्टर : आत्ता नाही. आणि एकदाच असं झालंय, तेव्हा सरसकट घालायचाच असंही नाही. आधी सोनोग्राफीत पाहू, गर्भ पिशवीत आहे, ठोके लागलेत ना. मग चौदाव्या-सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी आतून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजायची, चोविसाव्यापर्यंत. पंचवीस मिलिमीटरच्या खाली आली की टाका. छत्तीस-सदतीस आठवड्यांना तो काढायचा.

आशाताई : दर दोन आठवड्यांनी! शहापूरला जागा मिळाली तर बरं, नाहीतर कळव्याला. एकेका फेरीला एकेक दिवस आणि एकेका दिवसाची मजुरी.

डॉक्टर : माहीत आहे.

आशाताई : नाही मॅडम, रागाने नाही बोलत. ती कुठली फेरी चुकवील ते मला आत्ताच सांगता येतं, म्हणून बोलते.

तपासण्यांवरून दोघींचं पुन्हा वाजतं, पण बाजू उलटतात. मागच्या खेपेनंतर घरच्यांनी कर्ज काढून एका खासगी प्रयोगशाळेत बऱ्याच तपासण्या करून घेतल्या होत्या, त्यांत संसर्ग शोधणारी ‘टॉर्च’ होती. आशाताईंना त्या जाड फाइलीचा आधार वाटतो. डॉक्टर ती बाजूला सारतात. वारंवार पोट पडण्याचं कारण शोधायला टॉर्चचा उपयोग नाही, हे जगभरच्या मार्गदर्शिकांत लिहिलेलं आहे, तरी आपल्याकडे ती पहिल्यांदा केली जाते. ज्या करायला हव्यात त्या मोजक्या आहेत : थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं, आणि गर्भपिशवीत पडदा वगैरे आहे का ते पाहणारी सोनोग्राफी. प्रतिपिंडांची तपासणी एकदा करून भागत नाही, बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ती दोन्हीदा सदोष आली तर पुढच्या गरोदरपणात कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, आणि त्यांचा खरोखर फायदा होतो. या पट्ट्यातल्या आदिवासी बाईची सिकलसेल तपासणी झालेली नसेल तर तीही. आणि रक्तगट. तो निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर पोट पडल्यावरही अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, विशेषतः तीन महिन्यांनंतर किंवा पिशवी साफ केली असेल तर. घरी पोट पडलेल्या बाईला ते मिळत नाही, कारण ती दवाखान्यात आलेलीच नसते.

नवऱ्याचा विषय मी काढला नसता, पण आशाताईंनी काढला.

आशाताई : एवढं सगळं तिचंच तपासताय. त्याचं काही नाही का?

डॉक्टर : गुणसूत्रं निम्मी त्याची असतात. वरचेवर असं होत राहिलं तर दोघांच्याही रक्ताची गुणसूत्र-तपासणी करतात. शंभरात दोन-पाच जोडप्यांत त्यात काही सापडतं, त्याच्याकडेही सापडू शकतं.

आशाताई : हे तेवढं सासूसमोर बोला एकदा.

प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनच्या गोळ्यांचं थोडक्यात. मागे पोट पडलं म्हणून सगळ्यांना त्या सरसकट दिल्या जातात. २०१५ सालच्या एका मोठ्या चाचणीत, कारण न सापडलेल्या बायकांना नुसत्या देऊन फायदा दिसला नाही. २०१९ साली ब्रिटनमध्ये ४,१५३ बायकांवर दुसरी चाचणी झाली. मागे पोट पडलेलं आणि आताच्या खेपेला सुरुवातीलाच रक्त जातंय, अशा बायकांना प्रोजेस्टेरॉनचा फायदा होतो असं तिच्यात दिसलं, आणि मागच्या खेपा जितक्या जास्त तितका तो फायदाही जास्त. म्हणून ‘डाग दिसला की थांबू नका, त्याच दिवशी या’ हा निरोप गोळ्यांच्या पाकिटाहून मोलाचा. पलंगावर पडून राहण्याचा मात्र उपयोग कुठल्याच अभ्यासात दिसलेला नाही. आशाताईंना हे ऐकवत नाही. वर्षभर मरमर राबणाऱ्या बाईने झोपून राहण्याचा कुणाला अपाय झाला, असा त्यांचा सवाल आहे, आणि त्याला डॉक्टरांकडे चांगलं उत्तर नाही.

दोन खेपांत अंतर किती ठेवायचं, यावरही मतभेद. सहा महिने थांबा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना सल्ला आशाताई प्रशिक्षणात शिकल्या. पुढे २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या तीस हजारांवर बायकांच्या नोंदींतून दिसलं की सहा महिन्यांच्या आत दिवस गेलेल्यांचं काही वाईट झालं नाही, उलट बरंच झालं. ‘स्कॉटलंडच्या बाईचं रक्त किती असतं?’ असं आशाताई विचारतात. हा वाद त्यांनी जिंकला असं मी समजतो. या बाईचं हिमोग्लोबिन ८.२ आहे. तिला थांबायला हवं होतं ते रक्त भरून निघण्यासाठी आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिवस जाण्याआधीपासून सुरू करता याव्यात म्हणून. पण त्या मधल्या काळात तिच्याकडे फिरकणं हे कुणाचंच काम नव्हतं. गरोदर बाईची यादी असते, बाळंतिणीची असते. जिचं पोट पडलं ती दोन्ही याद्यांतून गळते.

डॉक्टर : तरी बरं, या वेळी सातव्या आठवड्यातच आणलीत.

आशाताई : आणली नाही, पकडली. ती सांगणारच नव्हती. मागच्या वेळी पहिल्याच महिन्यात नाव घातलं, अंगणवाडीत सगळ्यांना कळलं, मग पोट पडलं. आता म्हणते, पाचवा गेल्याशिवाय नाव लावू नका, दृष्ट लागते.

डॉक्टर : आणि पाचव्यालाच तर तिला धोका आहे.

आशाताई : ते तुम्ही म्हणता. तिच्या जागी उभ्या राहा. अमृत आहाराचं जेवण अंगणवाडीत, चारचौघींत बसून खायचं. आज जेवायला बसली आणि पुढच्या महिन्यात बसली नाही, की सगळ्यांना कळतं काय झालं ते. त्यापेक्षा उपाशी बरी, असं वाटतं तिला. म्हणून मी तिचं नाव माझ्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय. गोळ्या देते त्या तांदळाच्या डब्यात ठेव म्हटलं. दिवसातून चारदा कपड्याला डाग बघते ती. पुढे बाळ हललं तर भीती, नाही हललं तर भीती.

डॉक्टर : १४४१६ला फोन करायला सांगा, टेलिमानस. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आशाताई : रेंज येते तिथे सगळं गाव उभं असतं मॅडम. त्यापेक्षा ती भगताकडे जाते.

डॉक्टर : आणि तो अंगारा देतो, ‘बाहेरचं आहे’ म्हणतो, कोंबडं मागतो.

आशाताई : मागतो. पण दोन तास ऐकूनही घेतो. काय झालं, कधी झालं, स्वप्नात काय दिसलं. तुम्ही किती वेळ दिलात आज?

बाहेर साठ बायका बसलेल्या असताना एकीला किती वेळ मिळणार, हे दोघींना ठाऊक आहे. पण आशाताईंचा टोमणा शास्त्राच्या बाहेरचा नाही. १९८४ साली नॉर्वेतल्या एका अभ्यासात, वारंवार पोट पडलेल्या आणि कारण न सापडलेल्या बायकांना पुढच्या गरोदरपणात दर आठवड्याला बोलावून तपासलं, धीर दिला, शंका ऐकून घेतल्या. त्यांच्यातल्या ८६ टक्के जणींना मूल झालं. ज्यांना असं काही मिळालं नाही त्यांच्यात ३३ टक्के. अभ्यास लहान होता, बायका चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या नव्हत्या, म्हणून त्या आकड्यांवर आज कुणी शपथ घेणार नाही. तरी वारंवार पोट पडणाऱ्यांसाठी वेगळा दवाखाना आणि लवकर, वरचेवर भेटी ही पद्धत पुढे कित्येक देशांत रूढ झाली. आपल्याकडे दर आठवड्याला दार वाजवणारी बाई आधीच आहे. तिच्या कामाच्या यादीत ही भेट नाही, एवढंच.

डॉक्टर : ठीक आहे. कार्डावर मी दोन्ही खेपा वेगळ्या लिहिते. कितव्या आठवड्यात, कळा होत्या की नव्हत्या, बाळ जिवंत होतं का. आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘हिमोग्लोबिन ८.२. जड ओझं उचलू नये.’ हे खरं आहे. रक्त इतकं कमी असताना वीस किलोचा हंडा घेऊन चढ चढायचा नसतो. कुणाची चूक नाही, कुणावर आळ नाही, आणि विश्रांतीला कारण मिळालं.

आशाताई : सासूला हिमोग्लोबिन कळत नाही.

डॉक्टर : आकडा कळतो.

आशाताई : तोच तर घोटाळा. अकरा झालं की ती कागद घेऊन तुमच्याकडे येणार, आता उचलू दे का म्हणून.

डॉक्टर : तोवर सोळावा आठवडा लागलेला असेल, तोंड मोजणं सुरू झालेलं असेल. ओझ्याने ते उघडतं असं सिद्ध झालेलं नाही, पण पाचव्या महिन्यात बाळ निसटलेल्या बाईला हंडा देऊ नका, हे सांगायला मला अभ्यास लागत नाही.

आशाताई : सकाळी तर म्हणत होतात...

डॉक्टर : सकाळी मी पहिल्या खेपेबद्दल बोलत होते. दुसरीबद्दल मला तुम्ही आत्ता सांगितलंत.

आशाताई : बरं. सोनोग्राफीला मीच नेते. नवरा दिवाळीनंतर भट्टीवर जाईल, त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पण त्या दिवशीचं पाणी सासूने भरायचं, हेही कार्डावर लिहा.

डॉक्टर : ते कुठल्या रकान्यात लिहू?

आशाताई : कुठेही लिहा. खाली सही तुमची पाहिजे.